गालाखालचे तीन मिलिमीटर

इटलीत ब्रेशिया शहराच्या उत्तरेला मेल्ला नदीचे खोरे आहे, वाल ट्रोम्पिया. तिथे शतकानुशतके बंदुकीच्या नळ्या घडत आल्या. गार्दोने गावच्या बार्तोलोमेओ बेरेत्ताला 185 नळ्यांबद्दल व्हेनिसच्या शस्त्रागाराने 296 डुकाट दिले, ती नोंद 1526ची आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, बोत्तिचिनोत, दानिएले पेरात्सीने 1957 साली आपला कारखाना काढला. उडत्या तबकडीवर नेम धरणाऱ्या जगभरच्या नेमबाजांच्या हातात एकावर एक दोन नळ्यांची जी ओव्हर-अंडर शॉटगन दिसते, ती बरेचदा याच टापूतून आलेली असते. त्यामुळे निवडीची चर्चा सुरू होते ती नावांवरून आणि लोखंडावरून: बेरेत्ता की पेरात्सी, नळी 76 सेंटिमीटरची की 81ची, चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली चिंचोळी जागा, किती आवळ. माझ्या मते ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आधी दस्ता पाहावा, पोलाद मागाहून.

शेजारी-शेजारी नळ्यांची बारा बोअरची दुनळी आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून दिसते. तबकडीच्या खेळाने मात्र उभी जोडी स्वीकारली. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने बेल्जियममध्ये आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत अशाच बंदुकीवर काम केले. 1926 साली तो गेला आणि 1931 मध्ये ती बाजारात आली. उभ्या जोडीत डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी राहते. खालची नळी आधी उडवली की धक्का खांद्यात जवळजवळ सरळ बसतो, नळीचे तोंड कमी उचलते आणि दुसरा बार लवकर जुळतो. दोन नळ्यांना दोन वेगळे चोकही देता येतात. ट्रॅप या दूर पळणाऱ्या तबकड्यांच्या प्रकारात पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार करता येतात, तिथे याचे मोल कळते. अर्धस्वयंचलित बंदुकीचा धक्का सौम्य असतो हे खरे, पण तिच्या एकाच नळीत एका वेळी एकच चोक बसतो.

आता मुख्य गोष्ट. रायफलला मागे-पुढे दोन लक्ष्यदर्शक असतात, म्हणून डोळा थोडा सरकला तर ती चूक दिसते. शॉटगनला पुढे फक्त एक मणी असतो. मागचा दर्शक म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा, आणि तो कुठे थांबेल हे ठरवते गाल टेकतो ती दस्त्याची कड. डोळ्यापासून मण्यापर्यंत अंतर साधारण एक मीटर. ट्रॅपची तबकडी फुटते तेव्हा ती नेमबाजापासून सुमारे 35 मीटरवर असते. म्हणजे डोळा नेहमीच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर वर राहिला, तर छर्रे तिथे सुमारे 105 मिलिमीटर वर जातात. तबकडीचा व्यास 110 मिलिमीटर आहे. गालाखाली नाण्याच्या जाडीएवढा फरक आणि पलीकडे जवळपास एक अख्खी तबकडी चुकते. तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळत असते आणि पहिला बार अर्ध्या-पाऊण सेकंदात करायचा असतो. तेवढ्यात मान हलवून चूक सुधारायला वेळच नसतो.

यावर लगेच आक्षेप येतो की छर्ऱ्यांचा फैलाव हातभर रुंद असतो, मग दहा सेंटिमीटरचे काय घेऊन बसलात? हिशेब करून पाहू. 24 ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरचे सुमारे 300 छर्रे असतात. पूर्ण चोकमधून 36 मीटरवर त्यांतले सत्तर टक्के 76 सेंटिमीटरच्या वर्तुळात येतात, असे धरले जाते. दूर जाणारी तबकडी कडेने दिसते, तिचा समोरचा पृष्ठभाग जेमतेम 25 चौरस सेंटिमीटर. वर्तुळभर छर्रे सारखे पसरले असे मानले, तरी तिच्या वाट्याला सरासरी एक-दोनच येतात, आणि कडेला तर त्याहूनही विरळ. फैलाव माफी देतो तो मधल्या दाट भागात. तिथून सरकणे परवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विजेत्यांच्या हाती महागड्याच बंदुका का? इटलीच्या एन्नियो मात्तारेल्लीने 1964च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पेरात्सी बंदुकीने ट्रॅपचे सुवर्ण जिंकले. मग 1968च्या मेक्सिकोसाठी जी बंदूक घडली तिचे नाव एमएक्स8 पडले. तिच्या चापाचा अख्खा संच हाताने काढता येतो. कमान तुटली की दुसरा संच बसवून नेमबाज पुन्हा रांगेत उभा राहतो. असल्या कारागिरीचा मला मनापासून आदर आहे. पात्रतेच्या 125 तबकड्यांना अडीचशेपर्यंत काडतुसे लागू शकतात, सराव तर हजारोंचा. तेव्हा चिवट पोलादाला किंमत आहेच. पण पेरात्सीचा ग्राहक बंदुकीसोबत आणखी एक गोष्ट विकत घेतो, ती म्हणजे त्याच्या अंगाच्या मापाचा दस्ता. सांध्यांवर वर-खाली, डावी-उजवीकडे हलणारी मापाची बंदूक खांद्याला लावून आधी मापे घेतात: लांबी, गालाजवळची उंची, बाजूचा बाक, खांद्याला टेकणाऱ्या टाचेचा कोन. मग अक्रोडाचे लाकूड त्याप्रमाणे कोरतात. तयार दस्त्याचा बाक बदलायचा तर लाकूड गरम करून हळूहळू वळवतात. विजेत्याची बंदूक पाहून तेच मॉडेल घेणारा नेमके हेच घेत नाही. दुसऱ्याच्या चष्म्यातून जेवढे दिसेल तेवढेच त्याच्या हाती येते.

शरीर बंदुकीशी जुळवून घेते असेही म्हणतात. सरावात घेते. पण जुळवून घ्यायला मान वाकवावी लागत असेल, तर शंभराव्या तबकडीला थकलेला गाल सुटतो, गालावर बसणाऱ्या धक्क्याने चाप ओढताना डोळा मिटू लागतो, आणि ही सवय मोडणे फार अवघड जाते.

भारतात खरी अडचण इथूनच सुरू होते. राज्यवर्धनसिंग राठोड यांचे 2004चे अथेन्समधले डबल ट्रॅपचे रौप्य, मानवजितसिंग संधू यांचे 2006चे ट्रॅपचे विश्वविजेतेपद, हे यश मोठे आहे, पण बंदुका जवळपास सगळ्या बाहेरून येतात. परवाना, आयातीची परवानगी, शुल्क यांतून जाताना चार बंदुका खांद्याला लावून पाहण्याची चैन नवख्याला मिळत नाही. महाराष्ट्राची नेमबाजी तर अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे रायफलची म्हणून ओळखली जाते. इथे शॉटगनकडे वळणाऱ्या मुलामुलींना बहुतेकदा कोणाची तरी वापरलेली बंदूक मिळते. तयार दस्त्याची लांबी साधारण 37 सेंटिमीटर धरलेली, सरासरी युरोपीय पुरुषाच्या बेताची. सोळा वर्षांच्या मुलीला ती दोन-तीन सेंटिमीटर जास्त होते. बंदूक अंगापासून लांब राहते आणि मुलगी तोल सांभाळायला मागे रेलते. दस्ता कापला, तर दोन वर्षांत ती उंच होते. दिल्लीच्या थंडीत जाड जॅकेट चढवले की तोच दस्ता पुन्हा लांब पडतो.

वर-खाली सरकणारी गालाची कड हा यावरचा प्रचलित उपाय आहे, आणि वापरलेली बंदूक घेणाऱ्याने तो असलेलीच घ्यावी. पण ती उंची सुधारते, टाचेचा कोन सुधारत नाही. बाजूचा बाकही थोडाच हलवता येतो. बाकीचे काम लाकडावरच करावे लागते, आणि ते अचूक करणारे हात आपल्याकडे मोजके आहेत. तोवर निदान एवढे करता येते: मोठ्या कागदावर 15 मीटरवरून, नेम न धरता, फक्त डोळा मध्यावर ठेवून बंदूक उचलायची आणि बार काढायचा, असे दहा-बारा वेळा. छर्ऱ्यांचा मध्य सारखा एकाच बाजूला जात असेल, तर ती बंदूक कितीही नावाजलेली असली तरी माप बदलल्याशिवाय पैसे मोजू नयेत.