तिसरा हात

कॅलिफोर्निया म्हटले की आपल्या द्राक्ष बागायतदाराला थॉमसन सीडलेस आठवते. ज्या थॉमसन नावाच्या गृहस्थांवरून त्या वाणाला नाव पडले ते तिथलेच. पण आज त्या मुलखातली द्राक्षे सांगायची नाहीत. ऑकलंड या बंदराच्या शहरात मोटारी दुरुस्त करण्याचे एक जुने गॅरेज होते. आता तिथे मोठमोठी टेबले मांडलेली आहेत आणि त्यांच्याभोवती शंभरावर माणसे आपापल्या कामात गढलेली असतात. कोणी चित्र काढतो, कोणी माती मळतो, कोणी लाकूड कापतो, कोणी सूत गुंडाळतो. यातल्या कोणाला बोलता येत नाही, कोणाची समज वयाबरोबर वाढलेली नाही, कोणाचे हातपाय आपल्या हुकमात नाहीत. या जागेचे नाव क्रिएटिव्ह ग्रोथ. तिथे या मंडळींना रुग्ण म्हणत नाहीत, विद्यार्थीही म्हणत नाहीत. कलाकार म्हणतात.

फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ या चित्रकार बाई आणि त्यांचे यजमान एलियास कॅट्झ हे मानसशास्त्रज्ञ, या दोघांनी 1974 साली आपल्या घराच्या गॅरेजमध्ये हे काम सुरू केले. त्या काळी ज्यांना मतिमंद म्हणत अशा मुलांना अमेरिकेत मोठाल्या सरकारी संस्थांत ठेवून देण्याची रीत होती. पुढे त्या संस्था रिकाम्या होऊ लागल्या. माणसे बाहेर आली, पण त्यांनी दिवसभर करायचे काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. कॅट्झ पतिपत्नींनी कागद, रंग आणि टेबल एवढेच उत्तर दिले.

हे सारे शेतकरी कुटुंबाच्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी विचारील. गावोगाव हिंडताना ओसरीच्या कोपऱ्यात बसलेले असे एखादे मूल दिसते. पाहुणा आला की त्याला आत नेतात. बाकी माया कमी नसते. जेवूखाऊ घालतात, न्हाऊमाखू घालतात. फक्त त्याच्या हाताला काम देत नाहीत. म्हणून ज्युडिथ स्कॉटची हकिकत आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते.

ज्युडिथ 1943 साली ओहायो राज्यात जन्मली. जुळ्या बहिणी, ज्युडिथ आणि जॉइस. जॉइस धडधाकट, ज्युडिथला डाऊन सिंड्रोम. जोडीला लहानपणीच्या एका तापाने तिचे कान गेले, आणि हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. तिची बुद्धी मोजायला जी परीक्षा घेतली ती तोंडी प्रश्नांची. ऐकूच येत नाही तर पोरगी उत्तर काय देणार? ‘शिकवण्याजोगी नाही’ असा शेरा पडला आणि सातव्या वर्षी तिची रवानगी सरकारी संस्थेत झाली. तिथे ती सुमारे 35 वर्षे राहिली. ती बहिरी आहे हे फार उशिरा उमगले. जॉइसने पुढे तिचे पालकत्व मागून घेतले, तिला कॅलिफोर्नियाला आपल्याकडे आणले आणि 1987 साली ऑकलंडच्या या स्टुडिओत घातले. तेव्हा ज्युडिथ चव्वेचाळिशीच्या घरात होती.

आता इथून पुढचा भाग मला मोलाचा वाटतो. जवळजवळ दोन वर्षे ज्युडिथने काही म्हणजे काही केले नाही. कागदावर चार रेघोट्या मारायच्या आणि गप्प बसायचे. आपल्याकडे असते तर दुसऱ्या महिन्यात ‘हिच्याच्याने होत नाही’ म्हणून मोकळे झालो असतो. तिथल्या शिक्षकांनी तिला हलवले नाही, रागे भरले नाही, आणि तिच्या बोटांत ब्रश धरून वरून आपला हातही फिरवला नाही. दोन वर्षे वाट पाहिली.

एकदा सिल्व्हिया सेव्हंटी या सूतकाम करणाऱ्या कलाकार बाई वर्ग घ्यायला आल्या. त्यांनी जे करून दाखवले ते ज्युडिथने केलेच नाही. तिने काटक्या घेतल्या आणि त्यांच्याभोवती सूत गुंडाळायला सुरुवात केली. शिकवणाऱ्याची खरी परीक्षा अशा वेळी असते. ‘असे नाही, असे’ हे दोन शब्द आपल्या जिभेवर तयारच असतात. बाईंनी ते काढले नाहीत. ज्युडिथ गुंडाळत राहिली आणि तिला हवे ते सामान घेण्याची मोकळीक मिळाली. मोडकी खुर्ची, छत्री, चाक, जे हाती येईल ते मध्ये ठेवायचे आणि भोवती सूत, दोरा, चिंध्या यांचे वेढे द्यायचे. एखादी वस्तू आठवडेच्या आठवडे चाले. एकदा सूत मिळाले नाही तेव्हा तिने हात पुसायचे कागद पिळून त्यांचीच दोरी केली. आतली वस्तू शेवटी दिसेनाशी होई आणि मोठ्या कोशासारखे काहीतरी उभे राही. त्याचा अर्थ तिने कोणाला सांगितला नाही. तिला सांगता येणारही नव्हता. असे तिने दोनशेच्या वर नग केले. 2005 साली, वयाच्या 61 व्या वर्षी ती वारली. तिची कामे आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. 2014 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये तिच्या एकटीच्या कामांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

क्रिएटिव्ह ग्रोथमधले शिक्षक हे बहुतेक स्वतः काम करणारे कलाकार आहेत, वैद्य नव्हेत. पण अशा सामाजिक कलाशाळांतून अमेरिकेत आणि इतर देशांतही आणखी एक मंडळी वावरताना दिसतात. ती म्हणजे कलोपचाराचे उमेदवार विद्यार्थी. कला हे मन सावरण्याचे साधन म्हणून वापरायचे, त्याला कलोपचार म्हणतात. इंग्लंडात एड्रियन हिल या चित्रकाराने 1942 च्या सुमारास या विद्येला नाव दिले. ते स्वतः क्षयरोगाने सॅनिटोरियममध्ये पडून होते आणि तिथे चित्रे काढता काढता त्यांना याचा गुण कळला. आता अमेरिकेत यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली किमान 700 तास प्रत्यक्ष काम करावे लागते. आपल्या गावात कृषी महाविद्यालयाचे कृषिदूत आणि कृषिकन्या कार्यानुभवासाठी येतात ना, त्यातलाच प्रकार समजा.

या उमेदवारांना जे शिकवतात त्यात एक शब्द मला फार आवडला. तो आहे ‘तिसरा हात’. एडिथ क्रेमर नावाच्या बाईंचा हा शब्द. त्या 1916 साली व्हिएन्नात जन्मल्या आणि 1938 साली अमेरिकेत आल्या. न्यूयॉर्कजवळ वाट चुकलेल्या मुलांच्या एका वसतिशाळेत त्यांनी 1950 पासून सात वर्षे चित्रकला शिकवली. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. नाझींनी या बाईंना तेरेझिनच्या छावणीत डांबले होते. तिथे त्या कोंडलेल्या मुलांना चित्रे काढायला शिकवीत. 1944 साली त्यांना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुले मात्र वाचली नाहीत.

तर तिसरा हात म्हणजे काय? काम करणाऱ्याचे दोन हात असतात. मदत करणाऱ्याने त्याचा तिसरा हात व्हायचे, पहिला नव्हे. माती फार कोरडी असेल तर भिजवून द्यायची. रंग ओघळत असेल तर घट्ट करून द्यायचा. दोन लाकडे चिकटेपर्यंत धरून ठेवायची. हे सगळे करायचे, पण चित्र कोणाचे आहे हे विसरायचे नाही. आपली आवड, आपला रंग, आपला अर्थ त्यात घुसवायचा नाही. उमेदवार ‘हे काय काढलेस?’ असे विचारत नाही, ‘याच्याविषयी सांगतोस?’ असे विचारतो. सांगितले तर ऐकतो, नाही सांगितले तर गप्प राहतो. कागदावर काळा रंग दिसला म्हणून ‘याला दुःख झाले आहे’ असा निकाल देत नाही. काळी पेन्सिलच जवळ असेल! दिवसभराचे पाहिलेले वहीत टिपतो आणि आपल्या मार्गदर्शकापुढे ठेवतो. वाचायला सोपे आहे, हो. आमच्या विस्तार खात्यात नवा सहायक प्रात्यक्षिकाला गेला की शेतकऱ्याच्या हातातला कलमाचा चाकू स्वतः घेतो आणि दहा कलमे झटपट बांधून दाखवतो. कलमे सुरेख होतात, शेतकरी होता तिथेच राहतो.

पैशाचेही सांगितले पाहिजे. क्रिएटिव्ह ग्रोथने 1978 सालीच आपली स्वतःची गॅलरी काढली. तिथे नग विकला की निम्मी रक्कम कलाकाराची, निम्मी संस्थेची. आपल्या आडतीच्या मानाने निम्मा वाटा मोठा वाटेल, पण रंग, सूत, जागा आणि शिक्षक संस्थेचे असतात. अर्थात प्रत्येकाचे काम विकले जातेच असे नाही, आणि विकले जावे यासाठी ते करायचेही नसते. 2024 साली संस्थेला 50 वर्षे झाली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने या कलाकारांचे प्रदर्शन मांडले.

आता घरचे. पहिली गोष्ट म्हणजे मूल बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासून घ्या, मग बुद्धीविषयी बोला. ज्युडिथची 35 वर्षे त्या एका चुकीपायी गेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी अशा मुलाला घरी ठेवू नका, मुद्दाम न्या. जन्मतः बहिरेपणा आणि डाऊन सिंड्रोम ही दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. आशाताईंना विचारले तरी त्या तारीख सांगतील.

दुसरे, हाताला काम द्या. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. गोधडीसाठी राखलेल्या चिंध्या, सुतळी, तुराट्या, चिकणमाती, गेरू, जुन्या वह्यांचे कोरे कागद पुरेत. जागा रोज तीच असू द्या, वेळ तीच असू द्या आणि अर्धवट राहिलेले काम केरात काढू नका. ते मूल उद्या तिथूनच पुढे जाणार असते. जवळ बसा, पण आपले निवडण-टिपण घेऊन बसा. एकटक पाहत बसले की कोणाचाही हात अडतो. गाठ सुटत नसेल आणि त्याने आपल्याकडे पाहिले तरच सोडवून द्या. लांब दोरी गळ्याभोवती जाणार नाही एवढे पाहा. मणी आणि चिंचोके नाकाकानात घालण्याची सवय असेल तर ते टाळा. आणि बीजप्रक्रिया केलेले गुलाबी बियाणे कितीही सुंदर दिसले तरी चिकटकामाला देऊ नका. तीच गोष्ट औषधांच्या रिकाम्या डब्यांची. धुतलेले असले तरी ते मुलाच्या हातात देऊ नयेत.