बाल्कनीत उन्हाळी भाजी लावताय? मग मे महिन्यातलं ऊन आत्ताच मोजा

थंडी ओसरायला लागली की फोनवर ठरावीक व्हिडिओ फिरायला लागतात. बर्फ वितळत असलेल्या कुठल्यातरी देशात कोणीतरी खिडकीत छोटे ट्रे मांडतं, त्यात टोमॅटो, लेट्यूस, वाटाणा पेरतं, आणि पुढच्या तीस सेकंदांत टोपली भरून भाजी निघते. ते बघून इकडे डोंबिवलीत किंवा कोथरूडला पाच-सहा बियांची पाकिटं मागवली जातात. रविवारी कुंड्या भरल्या जातात. रोपं छान येतात, मार्च बरा जातो. एप्रिलच्या शेवटी मात्र टोमॅटोची फुलं गळून पडतात, कोथिंबीर हातभर वाढून फुलोऱ्यावर जाते, काकडीचा वेल नुसताच पसरतो. "आपल्या हाताला झाडच लागत नाही" असं म्हणून कुंड्या कोपऱ्यात जातात.

यात हाताचा काही दोष नसतो. हिशेब चुकलेला असतो, आणि तोही उन्हाचा.

थंड देशात वसंत म्हणजे वाढीच्या हंगामाची सुरुवात. गोठवणारी थंडी संपली, आता पुढचे पाच-सहा महिने मोकळे. आपल्याकडे तसं नाही. मुंबई-कोकणात पाणी गोठवणारी थंडी मुळात पडतच नाही. रथसप्तमी ते होळी हा काळ म्हणजे थंडीच्या भाज्यांची शेवटची गाडी आणि उन्हाळी भाज्यांची पहिली. फेब्रुवारीत पेरलेलं बी फेब्रुवारीत फक्त उगवतं. त्याचं सगळं आयुष्य जातं मार्च, एप्रिल आणि मेमध्ये. म्हणून काय पेरायचं हे ठरवताना आजची छान हवा बघून उपयोग नाही. मे महिन्यात आपली बाल्कनी कशी असेल, ते बघायला हवं.

आता गंमत अशी की ती बाल्कनी तीच राहत नाही. फेब्रुवारीत जिथे भरपूर ऊन येतं, तिथे मेमध्ये ते येईलच असं नाही.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन तिरपं होऊन खूप आतपर्यंत येतं. मग तो रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो आणि मेच्या मध्यावर मुंबई-पुण्यात भर दुपारी थेट डोक्यावर येतो. 'शून्य सावली दिवस' म्हणून बातम्या येतात तो हाच दिवस. बाल्कनीच्या वर दुसऱ्या मजल्याचा स्लॅब असेल, तर डोक्यावरचा सूर्य आत येणार कुठून?

आकड्यांत बघू. दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी, खुली जाळी, आणि वरचा स्लॅब 9 फुटांवर. मुंबईत 15 फेब्रुवारीच्या सुमारास भर दुपारी ऊन कडेपासून साधारण साडेपाच फूट आत येतं. 21 मार्चला तेच तीन फुटांवर येतं. एप्रिलच्या मध्यावर दीड फूट उरतं. मेच्या मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे फेब्रुवारीत भिंतीला टेकून ठेवलेली भेंडीची कुंडी, शेंगा धरायच्या वेळेला सावलीत बसलेली असते. पाणी घातलं, खत घातलं, तरी भेंडी लागत नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. (इथे 'भर दुपार' म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. मुंबई-पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारा ते पाऊणच्या आसपास.)

मोजायला काही लागत नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ऊन जिथपर्यंत आलंय तिथे फरशीवर खडूने रेघ मारायची. पंधरा दिवसांनी पुन्हा मारायची. दोन रेघांमधलं अंतर बघितलं की पुढचं चित्र आपोआप कळतं.

दक्षिणेच्या बाल्कनीत म्हणून घाई करावी. मेथी, मुळा, कोथिंबीर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून मार्चमध्ये उपटून खायची. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. कोथिंबिरीसाठी धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करायच्या, कारण एका धण्यात दोन बिया असतात. एप्रिलपासून तिथे मायाळू, पुदिना, अळू अशी मंडळी आणायची. यांना कडक ऊन नसलं तरी चालतं, भरपूर उजेड पुरतो. तोवर भेंडी लावलीच असेल तर कुंडी कडेला सरकवत न्यायची, रेघेच्या मागोमाग.

पश्चिमेचं प्रकरण उलटं आहे. तिथे सूर्य मावळतीकडे झुकला की स्लॅब काही वाचवत नाही. मार्चपासून दुपारी तीन ते साडेसहा बाल्कनी तव्यासारखी तापते. बाल्कनी बागेतल्या निम्म्या निराशा याच दिशेच्या असाव्यात. पण भेंडी, गवार, चवळी यांना हाच ताप मानवतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरलं तर लवकर रुजतं आणि साधारण पन्नास दिवसांत पहिली भेंडी निघते. मात्र तिला ऊबदार माती लागते. मुंबईत फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलं तरी चालतं. पुण्या-नाशकात रात्री अजून गार असतील तर आठ-पंधरा दिवस थांबलेलं बरं, नाहीतर बी मातीत कुजतं. नागपूर-अकोल्याकडे मात्र फार थांबूनही चालत नाही. तिकडे एप्रिल येईपर्यंत रोपाची मुळं खोल गेलेली हवीत. अशा ठिकाणी पश्चिमेला हिरवी जाळी बांधावीच लागते.

पूर्वेची बाल्कनी ज्याला मिळाली त्याने फार विचार करू नये. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हे बहुतेक भाज्यांना आवडतं. आणि 'आमच्याकडे उत्तरेची बाल्कनी आहे, काही येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी बातमी बरी आहे. 21 मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या किंचित उत्तरेला मावळतो. समोर उंच इमारत नसेल तर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन तिथे यायला लागतं. लाल माठ, तांदुळजा या पालेभाज्या एप्रिलमध्ये तिथे करून बघण्यासारख्या आहेत. दोन्हींना उष्णता लागते आणि दोन्ही महिन्याभरात कापता येतात.

टोमॅटोचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्री 24-25 अंशांच्या खाली पारा उतरत नसेल तर टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, फूल गळतं. मुंबईतल्या एप्रिल-मेच्या रात्री तशाच असतात. फेब्रुवारीत टोमॅटो पेरला तर फुलं नेमकी त्याच वेळी येतात. हौस असेल तर चेरी टोमॅटो लावावा, तो थोडा तग धरतो. मोठा टोमॅटो पावसाळा संपताना लावायचा.

वेलभाज्यांचा घोळ वेगळाच आहे. काकडी, कारलं, दोडका, दुधी यांना आधी नरफुलं येतात, मादीफुलं नंतर. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली काकडी किंवा दोडका दिसतो. सातव्या-आठव्या मजल्यावर मधमाशी आली नाही तर ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. मग तिचं काम आपण करायचं: नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. वेळ मात्र पाळायला हवी. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका आणि दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी. नोकरदार माणसाने दोडकाच लावावा हे उत्तम. ऑफिसातून येऊन चहा घेता घेता परागीभवन उरकतं.

माती आणि वजनाकडे फार लोक बघत नाहीत, पण बघायला हवं. 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच ग्रो बॅगमध्ये साधारण 22 लिटर माल मावतो. ती नुसत्या मातीने भरून पाणी घातलं तर वजन 30 किलोच्या वर जातं. अशा दहा पिशव्या कठड्याला रांगेत म्हणजे चार-पाच माणसं कायमची तिथे उभी! जुन्या इमारतीत हे करू नये. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण हलकं होतं आणि पाणीही धरतं. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून एकदा धुऊन घ्यायचं. शेणखत ओलं, वास येणारं असेल तर वापरायचं नाही, मुळं भाजतात.

याच दिवसांत सोसायटीच्या आवारात बदाम, पिंपळाची पानगळ चालू असते. कुठे कुठे झाडलोट करून ती पानं जाळतातही. त्यातली दोन पोती वर आणावीत. कुंडीतल्या मातीवर दोन इंच वाळक्या पानांचा थर दिला की मातीची ओल टिकते आणि मातीही तापत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली शेती याच विचारावर चालली: स्वयंपाकघरातला कचरा आणि वाळका पाला यांचीच माती करायची. त्यामागे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ची प्रेरणा होती. कमी जागेत, विकतच्या खतावर अवलंबून न राहता पीक काढता येतं, हे त्यांनी बाल्कनी बागेची फॅशन येण्याच्या कितीतरी आधी मांडलं होतं.

बियांबद्दल एक सावधगिरी. पाकिटातून गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी निघालं तर त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो. सेंद्रिय बागेची सुरुवात त्याने करण्यात अर्थ नाही. लावलंच तर हात धुवावेत आणि उरलेलं बी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

किडीचा हंगामही हाच. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, त्यामुळे जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण भेंडीवर सहज जातो. या दोन कुंड्या बाल्कनीच्या दोन टोकांना ठेवाव्यात. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब साबण घालून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. भर उन्हात फवारलं तर कीड राहते बाजूला, पानंच करपतात.

मे महिन्यात गावी जायचं असेल तर त्याचीही तयारी आधीच करावी लागते. सगळ्या कुंड्या एकत्र, एकमेकींना चिकटून ठेवायच्या. मधे पाण्याची बादली थोड्या उंचीवर ठेवायची आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांचं एक टोक बादलीत, दुसरं कुंडीतल्या मातीत खुपसायचं. चार-पाच दिवस निभावतात. करून बघायचं ते घरी असतानाच, कारण जाड पट्टी बादली एका दिवसात रिकामी करते.

आणि गावाहून कोणी वालाचं गावरान बी दिलं, तर ते आत्ता पेरू नये. वालाचे जुने वाण दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतात. फेब्रुवारीत लावलेला वेल उन्हाळाभर नुसती पानं काढत बसतो. ते बी थोड्या राखेत घालून डब्यात ठेवावं आणि पहिला पाऊस चांगला पडून गेला की काढावं.