‘नंतर बदलता येईल का?’ : नव्या लॅपटॉपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल लागतो, कॉलेजचा प्रवेश पक्का होतो आणि जून-जुलैत अनेक घरांत लॅपटॉपची खरेदी निघते. चाळीस-पन्नास हजार रुपये ही साध्या घराला जड जाणारी रक्कम आहे. एवढ्या पैशांचा फ्रिज घ्यायचा असेल तर आपण चार दुकानं फिरतो, दार उघडून कप्पे बघतो, वीज किती खाईल ते विचारतो. लॅपटॉप मात्र शेजारच्या दादाने सांगितलेल्या एखाद्या वाक्यावर घेतला जातो. घरी आल्यावरही तो ऐकीव नियमांवरच वापरला जातो.

हे ऐकीव नियम पारखायला एक साधा प्रश्न पुरतो : ही गोष्ट नंतर बदलता येईल का? जी बदलता येते तिथे आज थोडी तडजोड चालते. जी येत नाही तिथे चूक झाली, तर ती चार-पाच वर्षं सोसावी लागते. पुढचे गैरसमज याच प्रश्नाच्या उजेडात बघू.

गैरसमज १ : ‘आय-७ आहे ना, मग तो आय-५ पेक्षा चांगलाच!’

वस्तुस्थिती : आय-३, आय-५, आय-७ ही इंटेलने आपल्या प्रोसेसरना दिलेली श्रेणींची नावं आहेत. एकाच पिढीत आणि एकाच प्रकारात तुलना केली तरच त्या क्रमाला अर्थ राहतो. खरी ओळख त्यापुढच्या आकड्यांत असते. २०१६ सालच्या ‘आय-७ ७५००यू’मध्ये दोन कोअर होते, तर पुढच्याच वर्षी आलेल्या ‘आय-५ ८२५०यू’मध्ये चार. सुरुवातीचा ७ किंवा ८ म्हणजे सातवी किंवा आठवी पिढी. शेवटचं ‘यू’ अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर दाखवतं आणि ‘एच’ जास्त ताकदीचा.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. ‘आय-७, अगदी स्वस्तात’ म्हणून विकायला ठेवलेला लॅपटॉप सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना असेल, तर तो बहुतेक वेळा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत व्हायला नको.

एएमडीच्या रायझनमध्येही असाच चकवा आहे. ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ या नावांत एकाच आकड्याचा फरक दिसतो. प्रत्यक्षात पहिला चार कोअरचा असून त्याचा आराखडा २०१९ सालचा, झेन २. दुसरा सहा कोअरचा आणि त्यानंतरच्या झेन ३ आराखड्याचा. ७००० च्या या मालिकेत आराखडा तिसऱ्या आकड्यावरून कळतो. दुकानात ‘रायझन ५’ एवढंच ऐकून मान डोलवू नका. पूर्ण नंबर कागदावर लिहून घ्या.

गैरसमज २ : ‘रॅम काय, पुढे वाढवता येईल.’

वस्तुस्थिती : काही लॅपटॉपमध्ये येते, पण अनेक पातळ आणि हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ असा शब्द दिसला, तर रॅम सहसा अशीच पक्की बसवलेली असते असं समजा. वर सांगितलेल्या ७५२०यू प्रोसेसरसोबत याच प्रकारची रॅम चालते. म्हणजे आठ जीबी घेतली तर शेवटपर्यंत आठच.

इथे ‘मेमरी’ या एका शब्दाने बराच गोंधळ केला आहे. ‘५१२ जीबी मेमरी आहे’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो साठवणुकीबद्दल, म्हणजे एसएसडीबद्दल बोलत असतो. एसएसडी हे घरातलं कोठीघर आणि रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. कोठीघर कितीही मोठं असलं, तरी एका वेळी ओट्यावर मावेल तेवढंच काम होतं. ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक्सेलची फाइल असं सगळं एकदम उघडलं, की आठ जीबीचा ओटा भरून जातो. विंडोज ११ ची किमान अट चार जीबीची आहे. तेवढ्यात ती सुरू होते, पण समाधानाने काम होत नाही. रॅम वाढवता येणार नसेल आणि परवडत असेल, तर १६ जीबी घ्या. एसएसडी त्या मानाने बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येते, शिवाय बाहेरची हार्ड डिस्कही जोडता येते.

५१२ जीबीच्या जागी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसले म्हणून फसवणूक झाली असं मानू नका. बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. बाइट तेवढेच, फक्त माप वेगळं.

गैरसमज ३ : ‘स्क्रीन काय, सगळ्यांची सारखीच.’

वस्तुस्थिती : लॅपटॉपकडे तुम्ही जितका वेळ बघाल तितका वेळ त्याच्या दुसऱ्या कुठल्याच भागाशी तुमचा संबंध येणार नाही, आणि स्क्रीन बदलणं महाग असतं. तरीही माहितीपत्रकात सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ तिचीच असते. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार, हे नक्की. कोडिंग किंवा लेखनाला ते चालून जाईल. फोटो, डिझाइन किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याला चालणार नाही. त्याने ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधावं. उजेडाचं माप ‘निट्स’मध्ये असतं. २५० निट्सची स्क्रीन घरात पुरते, पण खिडकीशेजारी किंवा अंगणात बसलात की डोळ्यांवर ताण येतो.

कीबोर्डही असाच नंतर न बदलणारा सोबती. दुकानात ठेवलेल्या नमुन्यावर उभ्या उभ्या का होईना, दोन परिच्छेद टाइप करून बघा.

गैरसमज ४ : ‘दुकानातच सगळं सेट करून घ्यावं, म्हणजे घरी डोकेदुखी नको.’

वस्तुस्थिती : ही सोय पुढे सर्वांत महागात पडू शकते. दुकानातला मुलगा मदत म्हणून, वेळ वाचवायला, कधीकधी स्वतःच्याच ईमेलने मायक्रोसॉफ्ट खातं उघडून देतो. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये अशा खात्याने सुरुवात केली, की डिस्कवरची माहिती आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जपली जाते. चोरी झाली तर हे कुलूप आपल्या फायद्याचं असतं. पण एखाद्या दुरुस्तीनंतर किंवा अपडेटनंतर लॅपटॉप ही किल्ली मागू शकतो. तेव्हा किल्ली आपल्याकडे नसेल, तर प्रोजेक्ट, फोटो, हिशेब सगळं डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही. लॅपटॉप स्वतःच्या ईमेलने सुरू करा, ती किल्ली शोधून वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा.

‘डॉसवाला घ्या, विंडोज मी टाकून देतो’ हा सल्लाही नाकारा. तो लॅपटॉप स्वस्त दिसतो, कारण त्याच्या किमतीत विंडोजचा परवाना धरलेलाच नसतो. फुकट टाकून मिळणारी विंडोज बहुधा चोरीची असते, आणि तिच्यासोबत आणखी काय आत आलं हे कळायला मार्ग नसतो. पैसे खरोखरच कमी असतील तर लिनक्स आणि लिबरऑफिस दोन्ही मोफत आहेत आणि कायदेशीरही.

गैरसमज ५ : ‘अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप आपल्या विजेवर जळतो.’

वस्तुस्थिती : ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. म्हणजे अमेरिकेतले १२० व्होल्ट आणि आपले २३० व्होल्ट दोन्ही त्याला चालतात. बदलावी लागते ती फक्त पिन. मावशीने शिकागोहून लॅपटॉप आणायचं ठरवलं असेल, तर विजेची काळजी करू नका. त्याची वॉरंटी भारतात चालते का, एवढं मात्र आधी विचारून घ्या. काही वॉरंट्या विकल्या त्या देशापुरत्याच असतात.

चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लागून झिणझिण्या येतात, त्याचंही कारण परदेशी वीज नाही. ॲडॉप्टरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा विद्युतप्रवाह गळत असतो. तीन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. घरात अर्थिंग नसेल, तर तो आपल्या बोटांतून वाट शोधतो. तीन पिनांचा प्लग लावूनही झिणझिण्या थांबत नसतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ते घरातल्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचं काम आहे.

गैरसमज ६ : ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा आणि मग दर वेळी पूर्ण उतरल्यावरच लावा.’

वस्तुस्थिती : हा नियम निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. ती बॅटरी वारंवार अर्धवट वापरली तर तिची क्षमता घटल्यासारखी दिसायची. आजच्या लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. या बॅटरीला तसली सवय लागत नाही. शंभर टक्के झाली की चार्जिंग आपोआप थांबतं, त्यामुळे पहिल्या दिवशी आठ तास लावून ठेवण्यात काहीच मिळत नाही. दर वेळी शून्यापर्यंत उतरवल्याने उलट तिची झीज वाढते.

तिला सर्वांत जास्त बाधते ती उष्णता, आणि त्याखालोखाल सतत भरलेलं राहणं. पूर्ण भरलेल्या अवस्थेत आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, गरम असेल तर आणखी वेगाने. ही झीज उलटी फिरवता येत नाही. लॅपटॉप दिवसभर टेबलावर प्लगला लावूनच वापरत असाल, तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का ते बघा आणि असेल तर चालू करा. प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा.

गादीवर आणि उशीवर ठेवला की खालच्या हवेच्या फटी बुजतात आणि लॅपटॉप आतल्या आत तापतो. साधा लाकडी पाट खाली घेतला तरी पुरतं. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत तर तो कधीच ठेवू नका. कधी टचपॅड वर उचललं गेलं किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. तेव्हा वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

गैरसमज ७ : ‘राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश केलं की लॅपटॉप पळायला लागतो.’

वस्तुस्थिती : डेस्कटॉपवरचं रिफ्रेश फक्त तिथली चित्रं आणि नावं पुन्हा मांडतं. रॅम रिकामी होत नाही आणि वेगही वाढत नाही.

याहून नकळत होणारी चूक शट डाउनची आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. म्हणून रोज रात्री बंद केलेला लॅपटॉपही हळूहळू जड वाटायला लागतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा, किंवा काही अडलं तर सर्वांत आधी, रीस्टार्ट करा.

गैरसमज ८ : ‘वेगळा अँटिव्हायरस विकत घेतलाच पाहिजे.’

वस्तुस्थिती : विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो. अनेक नव्या लॅपटॉपवर दुसऱ्या एखाद्या अँटिव्हायरसची चाचणीची प्रत टाकलेली असते आणि ती चालू असेपर्यंत डिफेंडर बाजूला राहतो. तो दुसरा अँटिव्हायरस विकत घ्यायचा नसेल तर काढून टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. त्याहून मोठं संरक्षण म्हणजे अपडेट वेळच्या वेळी करणं आणि अनोळखी फाइल न उघडणं.

गैरसमज ९ : ‘मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर आणि खास फॉन्ट लागतो.’

वस्तुस्थिती : एके काळी लागायचा. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हं दिसायची. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे आज लिहिलेलं पत्र कुठल्याही फोनवर, कुठल्याही देशात तसंच वाचता येतं.

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. मग विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड बदलतो. ध्वनीवर चालणारा फोनेटिक कीबोर्ड पहिल्याच दिवशी जमतो. इन्स्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस जातात, पण त्याची रचना सुंदर आहे : स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या जागी क, ‘एन’च्या जागी ल, आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की आपला ळ. मुलांना नवा लॅपटॉप देताना हे दहा मिनिटं शिकवा. ज्या यंत्रावर मूल पुढची चार वर्षं अभ्यास करणार, त्यावर त्याला आपल्या भाषेत लिहिता आलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

खरेदीच्या आधी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या : प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम वाढते का, स्क्रीनचा प्रकार, वॉरंटी कुठे आणि किती. घरी आणल्यावर पहिली संध्याकाळ लॅपटॉपसाठी राखून ठेवा. स्वतःच्या ईमेलने खातं उघडा, अपडेट पूर्ण होऊ द्या, चार्जिंगची मर्यादा लावा, मराठी कीबोर्ड जोडा. सगळ्यात शेवटी ती ४८ अंकी किल्ली वहीत उतरवा. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, आणि आता अनेक घरांत त्या पाटावर लॅपटॉपही झेंडूचं फूल घेऊन बसतो. ज्या हत्याराला हात जोडायचे, त्याची नीट ओळख करून घेणं ही त्या पूजेचीच पहिली पायरी आहे.