उभ्या गाडीची दुखणी

जुनी मोटार विकत घेणारे बहुतेक जण पहिला पैसा रंगावर घालतात. गाडी दारात चमकते, शेजारीपाजारी येऊन बघून जातात, फोटो निघतात. मग घरची मंडळी तिच्यात बसून भीमाशंकरला निघतात आणि डिंभ्याच्या पुढे, चढाच्या मध्यावर, गाडी गप्प होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गॅरेजांत बसून, मिस्त्रींना विचारत आणि त्यांचे हात चालताना पाहत माझे एक मत पक्के झाले आहे. जुनी मोटार चालून जितकी झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून बिघडते. नव्याने हाती आलेल्या गाडीची दुरुस्ती याच हिशेबाने व्हायला हवी.

उदाहरणासाठी पद्मिनीच घेऊ. आपल्या भागात पत्र्याच्या शेडमध्ये, वाड्याच्या पडवीत, कांद्याच्या चाळीशेजारी ताडपत्रीखाली अजून सापडते ती बहुधा हीच गाडी. तिच्यामागे मराठी मुलखाचा मोठा उद्योग आहे. सोलापूरच्या घराण्यातले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्यांच्या नावाचे वालचंदनगर आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. सत्तरीच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने प्रीमियर पद्मिनी झाली.

तिच्या इंजिनाचे मूळ आणखी मागे जाते. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ सीसी ही मापे फियाटने १९३७ साली आपल्या ५०८ सी या गाडीत वापरली होती. बिडाचा ब्लॉक आणि वर अल्युमिनियमचे हेड. ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. शतक संपता संपता कुर्ल्याचे उत्पादन थांबले, तरी रचना मुळात तीच राहिली. म्हणून आज पद्मिनीचे बॉनेट उघडले की दिसते ते १९३० च्या दशकातल्या युरोपचे यंत्रज्ञान. त्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने उघडता येतो आणि बिघाड कुठे आहे ते विचार करून शोधता येते. मला या गाडीबद्दल जो जिव्हाळा वाटतो त्याचे कारण हे आहे.

मुंबईत ती टॅक्सी म्हणून जगली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीला असलेली २० वर्षांची मर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. रोज धावणाऱ्या त्या टॅक्सींची दुखणी वेगळी होती: क्लच प्लेट, पाटे, बेअरिंग. आपल्याकडच्या घरगुती पद्मिनीची दुखणी वेगळी. ती दहा-पंधरा वर्षे जागची हललेली नसते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, विकणारा त्याचेच कौतुक सांगतो आणि घेणाराही खूश होतो. प्रत्यक्षात कमी चाललेल्या गाडीची तपासणी जास्त कडक करायला हवी.

सुरुवात ब्रेकपासून. इंजिन चालू होते की नाही हे बघण्याआधी गाडी थांबते की नाही ते बघायचे. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, ऑइलचे सर्किट मात्र एकच. कुठल्याही एका चाकाचा व्हील सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १४० अंशांवर येते. माळशेजच्या माथ्यावरून टोकावड्याकडे उतरताना ड्रम तापले की असले ऑइल उकळते, त्यात वाफ होते आणि पेडल सरळ पाट्याला टेकते. त्याच ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन जाम होतात. शिवाय रबरी होज बाहेरून धडधाकट दिसत असला तरी आतून फुगून बंद झालेला असतो. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, गाडी ओढत नाही, आणि मालक इंजिनाला दोष देतो. याची परीक्षा सोपी आहे. सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालवून चारही ड्रमांजवळ हात न्यावा. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल तर दुखणे तिथे आहे. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, तिन्ही-चारही होज आणि ऑइल हे सगळे एकदम बदलावे. यात तुकड्या-तुकड्याने काम करू नये. आणि सगळे नवे घातले तरी घाट उतरताना दुसरा गिअरच हवा.

आता त्या चढावर गप्प झालेल्या गाडीकडे येऊ. या एका तक्रारीवर लोकांचे जितके पैसे वाया जातात तितके दुसऱ्या कशावरही जात नसावेत. लक्षण ठरलेले असते. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, गावात छान पळते. घोडेगाव सोडून चढाला लागली, किंवा मुरबाडकडून माळशेज चढायला लागली, की आधी मिसिंग, मग झटके, मग बंद. अर्धा तास थांबले की पुन्हा चालू. गावात परत आल्यावर मिस्त्रीसमोर ती एकदाही बंद पडत नाही. मग अंदाजाने कार्बोरेटर बदलला जातो, मग पंप, मग कॉइल, आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा तिथेच उभी.

या लक्षणामागे तीन निराळी कारणे असू शकतात आणि ती वेगळी ओळखायची वेळ एकच: गाडी बंद पडते तो क्षण. थंड झाल्यावर पुरावा नाहीसा होतो. पहिले कारण स्पार्क. डिस्ट्रिब्युटरमधल्या कंडेन्सरचे इन्शुलेशन किंवा कॉइलची आतली तार तापल्यावर दगा देते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून गाडीत एक जादा प्लग ठेवावा. बंद पडताच तो वायरीला जोडून, पेट्रोलपासून लांब, ब्लॉकला टेकवून सेल्फ मारायला सांगावे. निळी, कडक ठिणगी पडली तर विजेची बाजू सुटली. पिवळी आणि मरतुकडी पडली तर कंडेन्सर आणि कॉइल बदलायची.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळायचे, आणि इथे आधी टाकीचे झाकण उघडून पाहायचे. झाकणातून हवा आत जायला बारीक वाट असते. शेडमध्ये वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कुंभारमाशी मातीने ती वाट लिंपून टाकते, किंवा गंजाने ती बुजते. पेट्रोल उपसले जाते, हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप हरतो. झाकण उघडताना ‘सुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर सगळा इलाज एका टाचणीचा.

तिसरे कारण पेट्रोलची वाफ. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला, आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. चढावर गाडी हळू, इंजिन जोरात, वारा कमी. पंप आणि नळी तापतात, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पंपावर ओले फडके टाकायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे. कायमचा उपाय म्हणजे नळी गरम भागांपासून दूर नेणे, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवणे आणि पंपाचा डायफ्राम नवा घालणे. फाटक्या डायफ्रामचा पंप थंडीत कसाबसा काम करतो, उन्हात करत नाही.

हा त्रास अलीकडे वाढला आहे आणि त्याचा धागा आपल्याच शिवारातून जातो. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोचले. हे इथेनॉल मळी, उसाचा रस आणि धान्य यांपासून होते. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने असलेल्या या पट्ट्यात उसाच्या पैशाचे मोल कुणाला सांगायला नको, आणि मी या धोरणाच्या विरोधात नाही. पण १९३७ च्या रचनेच्या इंजिनाला हे इंधन ठाऊक नव्हते. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलचा बाष्पदाब थोडा वाढतो, म्हणजे ते लवकर उकळते. इथेनॉल पाणी धरून ठेवते. मुरलेले पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या नळ्यांचे रबर फुगते, टाकीतला जुना चिकटा सुटून जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि त्यातल्या ऑक्सिजनमुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन जास्त तापते.

म्हणून जुनी पद्मिनी हाती आली की टाकी उतरवून धुऊन घ्यावी, सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटन रबराच्या घालाव्यात, पारदर्शक फिल्टर बसवावा आणि मेन जेट एक माप मोठा घालून प्लगचा रंग बघावा. फिकट विटकरी रंग आला की बेत जमला. पांढरा राहिला तर मिश्रण अजून पातळ आहे. आणि गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नये.

इंजिन तापण्याचे आणखी एक कारण आपल्या विहिरीत आहे. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, इथल्या बोअरचे पाणी जड. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेलेले असते. ब्लॉकमधल्या वाटांत क्षार जमतात, आणि बिडाचा ब्लॉक, अल्युमिनियमचे हेड आणि खारे पाणी एकत्र आले की मार अल्युमिनियमला बसतो. पाण्याच्या भोकांभोवती हेड खाल्ले जाते आणि तिथूनच गॅस्केट उडते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले तर हेड उतरवण्याला पर्याय नाही. ते लेथवर फेस करून घ्यावे, खाल्लेली जागा मोठी असेल तर आधी भरून घ्यावी. रेडिएटर रॉडिंग करावा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरे काही नाही.

पुढच्या चाकांचे किंगपिन ग्रीसअभावी सुकलेले असतात. स्टिअरिंग जड लागते किंवा चाकाला प्ले येतो. बुश आणि पिन बदलून ग्रीस निप्पल जिवंत ठेवले की हे काम वर्षानुवर्षे टिकते. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग जोडत बसण्यापेक्षा नवा हार्नेस घालावा. पश्चिमेकडच्या पावसात राहिलेल्या गाडीचा फ्लोअर सळई टोचून पाहावा. मढ-माळशेजकडची गाडी आणि आणे-बेल्ह्याकडची गाडी यांच्या पत्र्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून शक्य असेल तर पूर्व भागातली गाडी घ्यावी.

कागदपत्रांचे एवढेच: इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळलेच पाहिजेत. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीसाठी शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये, मुदत १० वर्षे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. पद्मिनी हे नाव लावलेल्या पहिल्या गाड्या नुकत्याच ही पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. ज्यांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले त्यांना हा दरवाजा बंद आहे, म्हणून मूळ इंजिन कितीही थकलेले असो, विकू नये.

सुटे भाग मिळतात. पुण्यात नाना पेठेत, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने शोधले की बरेच काही हाती लागते. माणसे मिळणे अवघड होत चालले आहे. नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर इथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्त्यांच्या व बाजारपेठेच्या आधाराने गॅरेजे वाढली. वडापच्या जीपा, ट्रॅक्टर, शेतीपंप यांच्यावर हात बसलेल्या पिढीने पॉइंटचा गॅप पट्टीने आणि टायमिंग कानाने लावले. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा कारागीर डायनामोही बांधून देतो, ट्रॅक्टरचे हेड फेस करणारा लेथवाला पद्मिनीचेही करतो. या तालुक्यांत जुनी गाडी नीट करणे पुण्या-मुंबईपेक्षा स्वस्त आणि कित्येकदा चांगले होते, ते यांच्यामुळे. पण यांतले बरेच जण आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या हाताखालची मुले स्कॅनर लावून एरर कोड वाचायला शिकली आहेत. ते शिकायलाच हवे. मात्र कार्बोरेटर उघडणारे हात तिथे तयार होत नाहीत.

ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी आहे त्यांना माझी विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावरची ताडपत्री काढा, जवळच्या जुन्या मिस्त्रीला बोलवा, त्यांची मजुरी घासाघीस न करता द्या, आणि काम चालू असताना घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला वही घेऊन शेजारी बसवा. कुठला जेट घातला, गॅप किती ठेवला, कुठला भाग कुठून आणला, सगळे तारखेनिशी लिहून ठेवा. उतरवलेला जुना कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर भंगारात देऊ नका. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या जवळच्या आयटीआयला नेऊन द्या, तिथल्या मुलांना ते उघडून पाहू द्या. आणि रंगाचे काम पुढच्या वर्षावर टाका.