काठी सरावाची आणि काठी मिरवणुकीची

एप्रिल महिना जवळ आला की वस्तीवस्तीतून लेझीम आणि लाठीच्या सरावाला जोर येतो. विहाराच्या अंगणात, शाळेच्या पटांगणावर, समाजमंदिरापुढच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी मुले-मुली जमतात. जयंतीच्या मिरवणुकीत आपले पथक उठून दिसावे ही त्यामागची हौस असते आणि ती हौस चांगलीच आहे. परंतु पथकात मुलगी पाठवणारी आई जेव्हा विचारते की, "हे नुसते फिरवणेच शिकवता, की उद्या कोणी अंगावर आला तर उपयोगी पडेल असेही काही शिकवता?" तेव्हा त्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे. अर्धे उत्तर शिकवणाऱ्याजवळ असते. उरलेले अर्धे मुलीच्या हातातल्या काठीत असते. या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, कारण काठी विकत घेताना तिचा रंग आणि किंमत पाहिली जाते, पण ती कोणत्या कामासाठी हवी आहे हे विचारायचे राहून जाते.

दोन काठ्या, दोन कामे

मिरवणुकीची काठी हलकी असते. तिला रंगाचे पट्टे असतात, चमकीचा कागद गुंडाळलेला असतो, टोकाला पितळी शेंबी असते. दोन-तीन तास हातात धरून ती फिरवायची असते आणि लांबून दिसायला हवी असते. हे काम ती चोख करते. त्यात कमीपणा काहीच नाही.

सरावाच्या काठीचे काम वेगळे आहे. तिला मार द्यायचा असतो आणि मार झेलायचा असतो. समोरची काठी तिच्यावर आपटते तेव्हा ती किंचित वाकते. वाकताना बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर ताण येतो. हे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतील तर ते ताण झेलतात व काठी पुन्हा सरळ होते. तंतू मध्येच तिरके जाऊन कडेला बाहेर पडत असतील, किंवा काठी आतून पोकळ व पातळ असेल, तर ती तेथेच चिरते. चिरलेली काठी दिसायला शाबूत असते. पुढच्या फटक्याला तिची ढलपी उडते आणि ती समोरच्या मुलाच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून दोन कामांसाठी दोन काठ्या, हा पहिला नियम. मिरवणुकीची काठी जोडीच्या सरावात एकदाही वापरू नये.

हलकी काठी काय शिकवते?

काही पालक म्हणतात, मुले लहान आहेत, हलकीच काठी बरी. वयाच्या मानाने वजन कमी असावे हे खरे आहे. पण फार हलकी काठी चुकीची सवय लावते. ती नुसत्या मनगटाने फिरते. पाय कोठे आहेत, खांदा कसा वळतो, श्वास केव्हा सोडायचा याची तिला गरजच पडत नाही. महिनाभरात मुलगी ती गरगर फिरवू लागते, टाळ्या पडतात, आणि आपल्याला लाठी येते असे तिला वाटू लागते. प्रत्यक्षात जाड काठीचा एक फटका अडवण्याची तयारी तिच्या अंगात आलेलीच नसते. असा खोटा भरवसा घेऊन अंधाऱ्या रस्त्याने जाणे हे भरवसा नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट, वजन असलेली काठीच थांबायला शिकवते. जोरात आलेली काठी समोरच्याच्या डोक्यापासून वीतभर अलीकडे थांबवणे हा लाठीतला कठीण भाग आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेहून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी चिडलेल्या माणसांना आवरून धरले, हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्याच संयमाला अर्थ असतो. हा संयम हातालाही शिकवावा लागतो आणि रंगीत पोकळ काठी तो शिकवू शकत नाही.

बांबू कोणता घ्यावा?

लाठीसाठी आपल्याकडे मुख्यतः बांबूच वापरतात. पण सगळे बांबू सारखे नसतात. जंगलात आणि माळरानावर होणारा मानवेल हा जाड भिंतीचा, कोरड्या भागात जवळजवळ भरीव होणारा बांबू लाठीला उत्तम. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, माणगा नावाचा बिनकाट्याचा भरीव बांबू लावतात, तोही उत्तम. काटेरी कटांग बांबू मोठा आणि मजबूत असला तरी पोकळ असतो. त्याची बांधकामाची परात काय किंवा शिडी काय, ठीक होते, पण लाठी करू नये.

बांबू पिकलेला हवा. वर्षाच्या आतला कोवळा बांबू वाळल्यावर सुरकुततो आणि चिरतो. तीन वर्षांच्या पुढचा घ्यावा. पेरे जवळजवळ असलेला बुडाकडचा भाग अधिक भरीव असतो, म्हणून लाठी तेथूनच कापून मागावी. अंगावर बारीक छिद्रे व पिवळी भुकटी दिसली तर आत किडा लागला आहे असे समजावे व तो बांबू परत करावा. ओला बांबू उन्हात न टाकता सावलीत आडवा ठेवून सावकाश वाळवावा.

खरेदी कोठे करावी, हेही सांगतो. खेळाच्या दुकानात रंग दिलेली काठी मिळते आणि रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. त्यापेक्षा बुरुडाकडे जावे. बांबू हाच त्यांचा पिढीजात धंदा असल्याने कोणता बांबू भरीव आणि कोणता दिसण्यापुरता, हे ते हात लावून सांगतात. बुरुड समाजही आपल्यासारखाच अनुसूचित जातींच्या यादीतला आहे. आपला पैसा कसबी हाताकडे गेला तर त्यात दुहेरी समाधान आहे. शिवाय २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वनक्षेत्राबाहेर वाढलेल्या बांबूची गणना वृक्षात होत नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरचा चांगला बांबू मिळवणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

लाकूड घ्यायचे असेल तर

आखूड दंडा किंवा लाकडी तलवार करायची असेल तर सुताराला सागाची काठी मागू नये. साग टिकाऊ आहे, दिसायला देखणा आहे, दारे-खिडक्यांना त्याच्यासारखे दुसरे लाकूड नाही. पण अचानक बसणारा मार त्याला तितकासा सोसत नाही. शेतकऱ्याच्या घरातली कुऱ्हाड पाहावी. तिचा दांडा बाभळीचा, धावड्याचा किंवा तिवसाचा असतो. ही लाकडे चिवट आहेत व धक्का झेलतात. गाडीच्या आसाला आणि अवजारांच्या दांड्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, ती उगीच नाही. शिसवीची काळसर चकचकीत काठी भिंतीवर टांगायला सुंदर. तिची किंमत मोजून ती आपटायची कशाला?

लाकूड कोणतेही असो, रेषा सरळ हव्यात आणि मधल्या भागात गाठ नको. काठी डोळ्यापुढे आडवी धरून फिरवावी. रेषा मध्येच कडेला निघून जात असेल तर ती काठी बाजूला ठेवावी.

जोडीचा सराव

आपल्याच मर्दानी खेळांत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. फरी-गदगा खेळताना तलवारीऐवजी चामड्याने मढवलेला दंडा घेतात आणि ढालीऐवजी छोटी फरी. भाल्याच्या सरावासाठी बोथाटी असते, तिच्या टोकाला पाते नसून मऊ गोळा असतो. म्हणजे खरे हत्यार, सरावाचे हत्यार आणि मिरवण्याचे हत्यार यांत आपल्या जुन्या उस्तादांनी फरक केला होता. पंजाबातल्या गतक्यातही काठी आणि फरी हीच जोडी दिसते. २०२२ च्या जून महिन्यात पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, कलरीपयट्टू, थांग-ता आणि मल्लखांब या देशी प्रकारांना स्थान मिळाले. मुलांना हे अवश्य सांगावे.

जोडीच्या सरावासाठी आखूड काठी हवी असेल तर वेताची घ्यावी. वेत बांबूसारखा दिसला तरी आतून पोकळ नसतो. मार खाऊन तो एकदम फुटत नाही, त्याचे तंतू सुटून कुंचल्यासारखे होतात. त्यामुळे टोकदार ढलपी उडण्याची भीती बरीच कमी होते.

जपानमध्ये तलवारबाजी शिकताना हीच अडचण होती. तेथे ओकच्या कठीण लाकडाची तलवार करतात, तिला बोकुतो म्हणतात. पण तिचा मार हाड मोडण्याइतका असतो. म्हणून प्रत्यक्ष मार देण्याच्या सरावासाठी बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने एकत्र बांधून शिनाई तयार झाली. मार बसला की पट्ट्या दबतात आणि धक्का कमी होतो. वर डोक्याला जाळीचा मुखवटा, छातीला आणि हातांना आवरण. तेथेही पर्यटनस्थळांवर शाळकरी मुलांना आठवण म्हणून लाकडी तलवारी विकतात, पण आखाड्यात कोणी त्या घेऊन उभा राहत नाही. केंडोच्या स्पर्धेत शिनाईचे माप नियमात लिहिलेले आहे. प्रौढांसाठी लांबी १२० सेंटिमीटरपर्यंत, वजन पुरुषांसाठी किमान ५१० ग्रॅम व स्त्रियांसाठी किमान ४४० ग्रॅम. लहान मुलांना वयाप्रमाणे लांबी आणि वजन कमी. असा लेखी नियम आपल्या मंडळापुरता आपणही करू शकतो.

माप कसे घ्यावे?

आम्ही सुचवतो ते असे. लाठी जमिनीवर उभी धरली असता मुलाच्या कानापर्यंत यावी. मूठ आवळल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाला टेकावे. टेकत नसेल तर काठी जाड आहे. मधोमध एका हाताने धरून हात सरळ पुढे करावा आणि सावकाश वीस आकडे मोजावेत. हात थरथरू लागला तर काठी जड आहे. थोरल्या भावाची काठी धाकट्या बहिणीला, हा काटकसरीचा मार्ग येथे चालत नाही, कारण जड काठीने कोवळे मनगट दुखावते. मूल वाढले की काठी बदलावी आणि जुनी पुढच्या मुलाला द्यावी.

सरावाच्या काठीला चकचकीत व्हार्निश लावू नये, घामाने ती निसटते. गाठी तासून, पॉलिश कागदाने घासून जवसाच्या तेलाचा हात द्यावा. जोडीच्या सरावाच्या काठीला धातूची शेंबी नको. मध्ये पेचाने जोडलेली दोन तुकड्यांची काठी बसमधून न्यायला सोयीची असते, पण तिचा सांधा हाच तिचा कच्चा भाग. ती फक्त प्रदर्शनासाठी ठेवावी.

रोजची तपासणी

सराव सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे काढावीत. जुन्या सुती कापडाने काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसावी. धागा जेथे अडकेल तेथे ढलपी सुटू लागली आहे. मग काठी फरशीवर हलकेच आपटावी. शाबूत बांबू खणखणीत वाजतो, चिरलेला बदबद वाजतो. जमिनीवर घरंगळत सोडली म्हणजे वाकली आहे का तेही कळते. चीर दिसली तर चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हा वापरू नये. तिचे तुकडे करून टाकावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी हातात येतेच. नवशिक्यांनी जोडीने मार देताना डोळ्यांचे आणि डोक्याचे संरक्षण वापरावे, आणि बघ्यांना दोन काठ्यांच्या अंतरावर बसवावे.

थोडा हिशेब

आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे, म्हणून शेवटी जमाखर्चही मांडतो. समजा, २५ मुलांच्या पथकासाठी २५ रंगीत काठ्या आणल्या आणि रोजच्या सरावात महिन्याला ३ मोडल्या, तर नऊ महिन्यांच्या आत सगळी खरेदी पुन्हा करावी लागते. त्याऐवजी बुरुडाकडून सरावाच्या काठ्या घ्याव्यात आणि रंगीत काठ्या मिरवणुकीच्या दिवसापुरत्या कपाटातून बाहेर काढाव्यात. रंगीत काठ्या मग अनेक वर्षे टिकतात. वर्गणी देणाऱ्या घरांतली माणसे रोजंदारीवर, हमालीवर, धुण्या-भांड्यांवर जगणारी आहेत. त्यांच्या पैशाचा हिशेब त्यांना देता आला पाहिजे.

प्रत्येक मंडळाने एक साधी नोंदवही ठेवावी. काठीवर क्रमांक घालावा. वहीत काठीचा क्रमांक, बांबूची जात, लांबी, घेतल्याची तारीख, कोणाला दिली आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे सहा रकाने पुरेत. वही लिहिण्याचे काम पथकातल्याच आठवी-नववीच्या मुलीकडे द्यावे. कोणती काठी वापरायची आणि कोणती बाद करायची हे ठरवण्याचा अधिकारही तिलाच असावा, आणि तिने बाद केलेली काठी मंडळाच्या अध्यक्षांनीही परत मागू नये.