सरहद्दीवरची सोबत

मेन्तों हे फ्रान्सच्या आग्नेय टोकाचे समुद्रकाठचे गाव. गाव संपले की नाका, आणि नाक्यापलीकडे इटली. २८ जुलै २०१७ रोजी या नाक्याशी मार्तिन लांद्री या सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त बाई उभ्या होत्या. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाची पंधरा वर्षांची दोन मुले इटलीकडून पायी आली. बाईंनी त्यांना सोबत केली आणि सरळ फ्रेंच सीमा-पोलिसांच्या चौकीत नेऊन पोचविले. ही मुले अज्ञान आहेत, सरकारच्या बालकल्याण खात्याने त्यांचा सांभाळ करावा, असे सांगणारे कागद बाईंपाशी होते. एवढ्या कृत्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला. गुन्हा शाबीत झाल्यास पाच वर्षे कैद आणि तीस हजार युरो दंड!

पोलिसांपर्यंत जावयास सोबत कशाला हवी, असे कोणी विचारील. त्यासाठी परक्या माणसापुढचे कागदांचे रान थोडे पाहू.

१९९० साली डब्लिन येथे झालेल्या करारापासून असा दंडक आहे की, आश्रयाच्या अर्जाचा विचार एकाच देशाने करावयाचा. आणि निर्वासिताने युरोपात जेथे प्रथम पाऊल ठेवले तो देश बहुधा त्यासाठी जबाबदार धरला जातो. २००३ पासून बोटांचे ठसे एका सामाईक नोंदवहीत जातात. म्हणजे लँपेदूसा बेटावर बोट टेकविलेल्या तरुणाला भाऊ पॅरिसला असला तरी इटलीची वाट दाखविली जाते. २०२४ मध्ये संघाने नवे कायदे केले, पण प्रथम प्रवेशाचे तत्त्व त्यांतही राहिले.

फ्रान्सने अर्ज घेतलाच, तर आपली सारी हकीकत फ्रेंच भाषेत लिहून एकवीस दिवसांत धाडावयाची. अर्ज नामंजूर झाला तर अपिलाला एक महिना. इरिट्रियाच्या माणसाला आडनावच नसते. स्वतःचे नाव, बापाचे, आजोबांचे. कचेरीला मात्र आडनावाचा रकाना भरून हवा. मग एका कागदावर बाप आडनाव होतो, दुसऱ्यावर आजोबा, आणि कारकुनाच्या लेखी माणसे दोन होतात. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जानेवारी लिहून मोकळे होतात.

येथे निवृत्त माणसाचा उपयोग आहे. दरसाल नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या आमच्या श्रोत्यांस हे निराळे सांगावयास नको. कोणत्या खिडकीशी उभे राहावे, पोच कशी मागावी, पत्राचे पाकीट का फेकू नये, हे ज्ञान आयुष्यभराच्या चाकरीने येते. आणि रांगेत घालविण्यास सकाळ मोकळी असते. पत्र वाचून दाखविण्यासाठी आलेला तरुण हळूहळू जेवायला थांबू लागतो. या स्नेहाने कोणाला आश्रयाचा हक्क मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मुदत मात्र चुकत नाही. आणि मुदत चुकल्यामुळे बुडालेला हक्क खऱ्या हकीकतीनेही सहसा परत येत नाही.

फ्रान्सच्या घटना-परिषदेने ६ जुलै २०१८ रोजी निर्णय दिला की, राष्ट्राच्या ब्रीदातील बंधुता हे घटनात्मक तत्त्व आहे; म्हणून देशात आलेल्या परक्यास निरपेक्षपणे मदत करणाऱ्यास, त्या परक्याचे वास्तव्य बेकायदा असले तरी, शिक्षा नसावी. मात्र सरहद्द ओलांडण्यास केलेली मदत परिषदेने या सवलतीबाहेर ठेवली. लांद्रीबाईंवरचा आरोप तर नेमका तोच होता. तथापि आठवड्याभरातच नीसच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. ज्यांनी मुले चोरून न नेता पोलिसांच्याच हवाली केली त्यांच्यावर हा आरोप बसावा कसा, असे आम्हांस वाटते. सरकारी वकिलास ते पटले नाही. त्याने अपील केले. वरच्या न्यायालयाने २०२० साली बाईंची सुटका कायम केली, तोवर ती दोन्ही मुले अठराच्या उंबरठ्यावर आली होती.