नरभक्षक वाघ आणि शिकाऱ्याचे उत्तरदायित्व

वाघ हा मनुष्याचा जन्मजात वैरी आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. जंगलाच्या आसऱ्याने राहणारे गुराखी, लाकूडतोडे आणि गवत कापणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या वाघाच्या शेजारी वावरत आल्या आहेत, आणि माणसाची चाहूल लागताच बहुतेक वाघ मुकाट्याने बाजूला होतात. मग एखादाच वाघ नरभक्षक का बनतो? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास तो पुष्कळदा माणसाच्याच बंदुकीपाशी येऊन थांबतो.

यासाठी प्रथम वाघाची शिकारीची रीत समजून घेतली पाहिजे. वाघ दूरवर पाठलाग करणारा प्राणी नव्हे. तो दबा धरून सावजाच्या जवळ जातो, थोड्या अंतरावरून झेप घेतो, पंजांनी सावज खाली पाडतो आणि सुळे गळ्यात किंवा मानेत रुतवून त्याचा प्राण घेतो. सांबरासारखे जड आणि बलवान जनावर धरून ठेवायचे, तर चारही सुळे आणि पुढचे दोन्ही पाय शाबूत असावे लागतात. यांपैकी एक अवयव जरी निकामी झाला, तरी वाघाची उपासमार सुरू होते. अशा वेळी मंद गतीचा, शिंगे नसलेला आणि मऊ कातडीचा मनुष्यप्राणी त्याच्या आटोक्यात येतो.

कुमाऊँमधील नरभक्षकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांनी हेच कारण स्वतःच्या अनुभवावरून मांडले. १९०७ मध्ये त्यांनी चंपावत येथील वाघीण मारली. त्यांच्या नोंदीप्रमाणे तिने नेपाळमध्ये २०० आणि त्यानंतर कुमाऊँमध्ये २३६, अशी एकूण ४३६ माणसे मारली होती. ही कामगिरी स्वीकारताना कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या होत्या : सरकारने लावलेले बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून परत बोलवावे. तहसीलदारांच्या साहाय्याने सुमारे तीनशे गावकरी जमवून हाका घालण्यात आला. कॉर्बेट यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपल्यावर त्यांना तहसीलदारांची बंदूक हाती घ्यावी लागली. वाघीण पडल्यावर तिचा जबडा उघडून पाहिला, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले. एक अर्धा उरला होता, तर दुसरा पार हाडापर्यंत गेला होता. ही बंदुकीच्या गोळीची जुनी जखम होती. कोणा अज्ञात शिकाऱ्याने झाडलेल्या एका बाराची किंमत चारशेहून अधिक माणसांनी मोजली होती.

प्रत्येक जखम बंदुकीनेच होते, असे मात्र नाही. मुक्तेश्वरच्या वाघिणीची साळिंदराशी झुंज झाली. त्यात तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या उजव्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले. उपाशी स्थितीत ती झुडपात जखमा चाटीत पडली असता एक स्त्री नेमकी तेथेच गवत कापू लागली. वाघिणीने तिला एका फटक्यात मारले, परंतु खाल्ले नाही. दुसऱ्या बळीला तिने तोंड लावले, आणि पुढे ती मुद्दाम माणसे मारू लागली. ती मारली जाईपर्यंत २४ जण बळी पडले. दहांपैकी नऊ नरभक्षक वाघांच्या बाबतीत जखम आणि दहाव्याच्या बाबतीत वार्धक्य हे कारण असते, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता.

वाघ जखमी झाल्यानंतर काय करावे, याविषयी जुन्या जाणत्या शिकाऱ्यांचा एक दंडक होता : जखमी जनावर मागे टाकून परतायचे नाही. तो पाळणे सोपे नव्हते. बार लागल्यावर लगेच पाठीमागे धावत जाणे हा आत्मघात ठरे. म्हणून काही काळ थांबावे, मग गोळी लागली त्या जागी रक्त आणि तुटलेले केस शोधावे, असा क्रम असे. लालभडक, फेसाळ रक्त म्हणजे गोळी फुप्फुसात गेली; काळपट रक्त म्हणजे यकृतास इजा; रक्तात अर्धवट पचलेले अन्न मिसळलेले असल्यास पोटाची जखम. पोटाची जखम झालेला वाघ बराच काळ जिवंत राहतो, म्हणून तो सर्वांत धोक्याचा. माग काढताना वानरांच्या आणि भेकरांच्या इशाऱ्यांकडे कान लावावे लागत. जाळी दाट असेल तर म्हशींचा कळप पुढे घालून वाघाला बाहेर काढण्याची पद्धत होती. अंधारात मात्र कोणीही जखमी वाघाच्या मागावर जात नसे.

या कामात वेळ जाई, जिवाला धोका असे, आणि त्यात गौरव काहीच नव्हता. मौजेखातर आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी तळ हलवून निघून जाई. जखमी वाघ मात्र त्याच रानात राही आणि त्याच रानात गवत कापणाऱ्यांना त्याची गाठ पडे. नेम चुकणे मानवी आहे. परंतु चुकलेल्या नेमाचा परिणाम दुसऱ्याच्या दारात सोडून जाणे हा त्या काळच्या शिकारीतील खरा दोष होता.

१९७० मध्ये भारतात वाघांच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये कॉर्बेट यांचेच नाव असलेल्या राष्ट्रीय उद्यानातून व्याघ्र प्रकल्पास प्रारंभ झाला. आजच्या कायद्यानुसार माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या वाघासही कोणी आपल्या मर्जीने मारू शकत नाही. त्याला जिवंत पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटावी लागते आणि त्याने कारणे नमूद करून लेखी आदेश द्यावा लागतो.

बंदूक थांबली, तरी जखमा थांबलेल्या नाहीत. रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे आणि चोरट्या शिकाऱ्यांचे लोखंडी सापळे आजही वाघाचा पाय निकामी करतात. फास तोडून निसटलेला वाघ आणि चंपावतची वाघीण यांच्या वाट्याला आलेली अडचण एकच आहे. म्हणून पूर्वी शिकाऱ्यावर असलेले जखमी जनावराचे उत्तरदायित्व आता वनखात्यावर आणि जंगलालगत राहणाऱ्या समाजावर आले आहे. रानातील फासे वेळीच शोधून काढणे आणि लंगडणाऱ्या वाघाची खबर त्वरित देणे, हेच नरभक्षकाचा उपद्रव टाळण्याचे पहिले पाऊल होय.